वनमाला : उज्जैनची कन्या, ‘सिकंदर’ची रुखसाना आणि ‘श्यामची आई’

हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या इतिहासात ‘वनमाला’ या एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्रीचे मूळ नाव सुशीलादेवी पवार. त्यांचा जन्म मे १९१५ मध्ये उज्जैन येथे झाला आणि मे २००७ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी ग्वाल्हेर येथे त्यांचे निधन झाले. या दीर्घ आयुष्यातील जेमतेम दीड दशक त्यांनी चित्रपटसृष्टीत घालवले. तेवढ्या अवधीत सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’मधील रुखसाना, आचार्य अत्रे यांच्या ‘वसंतसेना’तील उज्जयिनीची गणिका आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील कोकणातली दरिद्री माउली, अशा परस्परांपासून कोसो दूर असलेल्या भूमिका त्यांनी साकारल्या. पुढे चित्रपटांचा निरोप घेऊन त्या वृंदावनात शास्त्रीय संगीत व नृत्याच्या प्रसाराला वाहिलेल्या संस्थेच्या कार्यात रमल्या.

वनमालाबाईंची कारकीर्द केवळ चित्रपटांच्या यादीतून समजत नाही. खानदानी घरातील सुशिक्षित मराठी स्त्रीने पडद्यावर यावे की नाही, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जळता प्रश्न होता. या प्रश्नाची किंमत ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात मोजली, त्यांपैकी वनमालाबाई एक होत.

उज्जैन आणि मराठी वसाहत

क्षिप्रेच्या काठी वसलेले उज्जैन आज मध्य प्रदेशात आहे. वनमालाबाईंच्या जन्माच्या वेळी ते ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानातील माळव्याचे प्रमुख नगर होते. अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या आणि राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरजवळील लष्कर येथे राजधानी हलवीपर्यंत शिंदेशाहीचा कारभार याच नगरातून चाले. त्या काळात फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर आलेली शेकडो मराठी कुटुंबे तिथेच राहिली. घरात मराठी आणि बाहेर माळवी किंवा हिंदी, असा त्यांचा दुभाषी संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

गोमंतकीय वाचकांना हे नगर परके वाटण्याचे कारण नाही. आज देशभरातील भाविक ज्या महाकालेश्वराच्या दर्शनाला जातात, त्या मंदिराची अठराव्या शतकातील पुनर्उभारणी राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर या सारस्वत कारभाऱ्याने केली. महादजी शिंदे यांचे विश्वासू सेनानी जिवबादादा केरकर हे पेडणे तालुक्यातील केरीचे. शिंदेशाहीच्या लेखणीत आणि तलवारीत अशा प्रकारे गोव्याचाही वाटा होता.

उज्जैनचा नृत्यनाट्याशी असलेला संबंध तर त्याहून प्राचीन आहे. कालिदासाने ‘मेघदूता’त महाकालाच्या सांध्यपूजेच्या वेळी नृत्य करणाऱ्या स्त्रियांचे वर्णन केले आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे सारे कथानक याच नगरीत घडते. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा नायक चंद्रापीड हा उज्जयिनीचाच राजपुत्र. पुढे १९५८ मध्ये या नगरीत कालिदास समारोह सुरू झाला आणि संस्कृत नाटकांबरोबर शास्त्रीय नृत्यालाही तिथे वार्षिक व्यासपीठ लाभले. वनमालाबाईंच्या वाट्याला आलेल्या चित्रपटांत या वाङ्मयीन उज्जयिनीची छाया एकाहून अधिक वेळा पडली.

घराणे आणि शिक्षण

वनमालाबाईंचे वडील रावबहादूर बापूराव पवार हे ग्वाल्हेर संस्थानातील वरिष्ठ अधिकारी होते. संस्थानी राजवटीत अशा घराण्यांचे जीवन प्रतिष्ठेच्या कडक चौकटीत बांधलेले असे. दरबारातील मानपान, सोयरिकींचे नियम आणि पडद्याची रूढी यांचा विशेष जाच स्त्रियांना होई. त्याच वेळी शिंदे दरबार शिक्षणाच्या बाबतीत पुढारलेला होता आणि सरदार घराण्यांतील मुलींना शाळेत पाठवण्याची प्रथा ग्वाल्हेरात रुजू लागली होती. सुशीलादेवींना या दुसऱ्या प्रवाहाचा लाभ झाला. ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया महाविद्यालयातून त्यांनी बी.ए.ची पदवी घेतली. हे महाविद्यालय आता महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ओळखले जाते. पुढील काळात अटलबिहारी वाजपेयी यांचेही शिक्षण तिथे झाले.

एकोणीसशे तीसच्या दशकात पदवीधर स्त्री हीच मुळी अपवादात्मक गोष्ट होती. पदवीनंतर त्या पुण्यात आल्या आणि आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांच्याशी निगडित शाळेत शिक्षिका झाल्या. अत्रे त्या वेळी शिक्षणतज्ज्ञ, विडंबनकार, नाटककार आणि चित्रपटकथालेखक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्रभर गाजत होते. शाळेच्या वर्गातून चित्रपटाच्या स्टुडिओपर्यंतची वनमालाबाईंची वाट या परिचयातून खुली झाली.

कुलवती आणि कलावती

तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय या पावलाचे गांभीर्य उमगणार नाही. दादासाहेब फाळके यांना १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामतीची भूमिका करणारी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या रूपाने पुरुषाने साकारलेल्या नायिकेला सर्वोच्च मान होता. स्त्रीने स्वतः उभे राहून स्त्रीची भूमिका करणे मात्र शंकेच्या नजरेने पाहिले जाई.

या शंकेच्या मुळाशी समाजाने पाडलेली एक जुनी फाळणी होती. गाणे आणि नाचणे ज्यांच्या घरात परंपरेने चालत आले, त्या कलावंत स्त्रियांची कला लोकांना हवी असे, पण त्यांना घरंदाजपणाचा दर्जा देण्यास समाज तयार नसे. गोमंतकाने या अन्यायाची झळ फार जवळून अनुभवली आहे. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी आपल्या तपश्चर्येने हिंदुस्थानी संगीताचे शिखर गाठले. त्यांच्या गायकीपुढे मैफली नतमस्तक झाल्या, तरी त्यांच्या समाजातील स्त्रियांना सामाजिक सन्मानासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. दुसऱ्या बाजूला प्रतिष्ठित घराण्यातील मुलीला मान जन्मतःच मिळे, पण कलेचे दार तिच्यासाठी बंद असे. एकीला कला वारशाने मिळे आणि प्रतिष्ठा नाकारली जाई, तर दुसरीला प्रतिष्ठा वारशाने मिळे आणि कला नाकारली जाई.

ही भिंत पाडण्यास तीसच्या दशकात सुरुवात झाली. गोव्याशी नाते सांगणाऱ्या लाड कुटुंबात जन्मलेल्या दुर्गा खोटे यांनी १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती साकारली आणि सुशिक्षित घरातील स्त्रीला चित्रपटात सन्मानाचे स्थान मिळू शकते हे दाखवून दिले. त्याआधी ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेमुळे त्यांना केवढी निंदा सोसावी लागली, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात १९३३ मध्ये बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर उभ्या राहिल्या. पदवीधर लीला चिटणीस रंगभूमीवरून चित्रपटात आल्या. वनमालाबाई या प्रवाहात थोड्या उशिरा सामील झाल्या. मात्र संस्थानी अधिकाऱ्याच्या घरातून आल्यामुळे त्यांच्यापुढील भिंत अधिक उंच होती.

‘लपंडाव’ ते ‘सिकंदर’

वनमालाबाईंचे पडद्यावरील पदार्पण १९४० च्या ‘लपंडाव’ या मराठी चित्रपटातून झाले. ‘नवयुग चित्रपट’ या संस्थेच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन के. नारायण काळे यांनी केले होते. हे काळे ‘नाट्यमन्वंतर’च्या प्रवर्तकांपैकी एक. नव्या विचारांच्या, शिकलेल्या माणसांचे जे वर्तुळ रंगभूमीवर सक्रिय होते, त्याच वर्तुळातून वनमालाबाईंना चित्रपटात पहिली संधी मिळाली, हे इथे लक्षात येते.

त्यानंतर वर्षभरातच त्यांना अखिल भारतीय कीर्ती देणारा चित्रपट आला. मिनर्व्हा मूव्हीटोनच्या १९४१ मधील ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर सिकंदराच्या आणि स्वतः सोहराब मोदी पोरसाच्या भूमिकेत होते. वनमालाबाईंनी रुखसाना ही सिकंदरावर प्रेम करणारी इराणी तरुणी साकारली. सिकंदराच्या जिवाला धोका आहे हे ओळखून ती पोरसाच्या दरबारी जाते, त्याला भाऊ मानते आणि सिकंदराला अभय मिळवते. दोन वीरांच्या संघर्षात ही एकच व्यक्तिरेखा दोन्ही छावण्यांमध्ये वावरते आणि कथानकाला वळण देते.

पृथ्वीराज आणि सोहराब मोदी हे दोघेही भारदस्त आवाजाचे, रंगभूमीच्या मुशीत घडलेले नट. पंडित सुदर्शन यांचे संवाद अलंकारिक आणि घणाघाती होते. अशा जुगलबंदीत नवख्या नटीचा आवाज सहज दबून गेला असता. रुखसाना मात्र प्रेक्षकांच्या लक्षात राहिली. संस्थानी वातावरणात वाढल्यामुळे वनमालाबाईंच्या वागण्याबोलण्यात एक अंगभूत आब होता. मराठीभाषक असूनही उत्तर हिंदुस्थानी बोलीची त्यांना बालपणापासून सवय होती. त्यांच्या फिकट रंगाच्या, बोलक्या डोळ्यांची त्या काळी फार चर्चा झाली. पुढे १९४५ मध्ये त्यांची भूमिका असलेला ‘शरबती आँखें’ नावाचा चित्रपटही प्रदर्शित झाला.

‘सिकंदर’ला एक राजकीय संदर्भही होता. दुसरे महायुद्ध सुरू असताना परकीय आक्रमकाला रोखणाऱ्या भारतीय राजाची कथा पडद्यावर आली. तिच्यातील स्वदेशाभिमानाचे सूर ब्रिटिश अधिकाऱ्यांना खटकले आणि लष्करी छावण्यांतील काही चित्रपटगृहांत या चित्रपटावर बंदी घालण्यात आली. सर्वसामान्य प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला.

दोन वेगळ्या नायिका

याच सुमारास आचार्य अत्रे यांनी स्वतःची चित्रसंस्था उभी केली. तिच्या ‘पायाची दासी’ या १९४१ च्या चित्रपटात वनमालाबाई सुनेच्या आणि दुर्गा खोटे सासूच्या भूमिकेत होत्या. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ‘चरणों की दासी’ या नावाने हिंदीतही निघाला. सासुरवास हा त्या काळच्या घराघरांतला विषय. दुर्गाबाईंच्या खाष्ट सासूने समीक्षकांची वाहवा मिळवली आणि बंगाल फिल्म जर्नालिस्ट्स असोसिएशनचा पुरस्कारही पटकावला. त्यांच्यासमोर सोशीक सून उभी करणे हे वनमालाबाईंसाठी सोपे आव्हान नव्हते. गोमंतकीय मुळाची एक आणि माळव्यात जन्मलेली दुसरी, अशा दोन मराठी अभिनेत्रींचा हा सामना त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिला.

त्यानंतर १९४२ मध्ये अत्रे आणि जागीरदार यांच्याच जोडीचा ‘वसंतसेना’ आला. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा मराठी रसिकांशी जुना परिचय होता. गोविंद बल्लाळ देवल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे मराठी नाट्यरूपांतर केले होते आणि बालगंधर्वांनी रंगभूमीवर वसंतसेना साकारली होती. पडद्यावर ती वनमालाबाईंनी साकारली. अशा रीतीने उज्जैनमध्ये जन्मलेली अभिनेत्री उज्जयिनीच्या सर्वांत प्रसिद्ध गणिकेच्या रूपात प्रेक्षकांसमोर आली.

या भूमिकेचा अर्थ योगायोगापुरता मर्यादित नाही. वसंतसेना संपन्न आहे, कलानिपुण आहे आणि साऱ्या नगरीच्या कौतुकाचा विषय आहे. तरीही चारुदत्ताच्या घराचा उंबरठा सन्मानाने ओलांडण्याचा अधिकार तिला नाही. मूळ नाटकाच्या शेवटच्या अंकात नवा राजा आर्यक तिला ‘वधू’ हे पद बहाल करतो आणि मगच समाजाच्या दृष्टीने ती कुलस्त्री ठरते. कलावतीला कुलवतीचा दर्जा मिळण्यासाठी राजाज्ञा लागते, ही शूद्रकाने हेरलेली विसंगती विसाव्या शतकातही संपलेली नव्हती. वनमालाबाईंच्या आयुष्यात हाच प्रवास उलट दिशेने घडला. जन्माने कुलवती असलेल्या या स्त्रीला कलावती होण्यासाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला आणि त्यासाठी घरची परवानगी मात्र मिळाली नाही. मुलीचा हा व्यवसाय वडिलांना मान्य नव्हता. ‘सिकंदर’च्या यशाने देशभर नाव झाले, तरी माहेरचा रोष मावळला नाही.

चाळीसच्या दशकातील वाटचाल

पुढील काही वर्षे वनमालाबाई मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सातत्याने काम करत राहिल्या. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’मधून बाहेर पडून राजकमल कलामंदिराची स्थापना केल्यानंतर १९४४ मध्ये ‘पर्बत पे अपना डेरा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात उल्हास आणि वनमाला ही प्रमुख जोडी होती. संगीत वसंत देसाई यांचे होते. सावंतवाडी संस्थानच्या मुलखात बालपण गेलेल्या या संगीतकाराची आणि वनमालाबाईंची गाठ पुढे ‘श्यामची आई’च्या निमित्ताने पुन्हा पडणार होती.

त्याच वर्षी बाणभट्टाच्या कथेवर आधारलेल्या ‘कादंबरी’ या हिंदी चित्रपटात शांता आपटे आणि वनमाला एकत्र दिसल्या. यानंतरही १९४७-४८ पर्यंत सामाजिक, पौराणिक आणि कल्पनारम्य अशा विविध प्रकारांतील चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. सर्वच चित्रपट ‘सिकंदर’च्या तोडीचे नव्हते. युद्धकाळातील कच्च्या फिल्मची टंचाई, जुन्या स्टुडिओ पद्धतीची पडझड आणि स्वतंत्र निर्मात्यांचा सुळसुळाट यांमुळे त्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रपटांचा दर्जा घसरला. त्याची झळ अनेक नामवंत कलाकारांप्रमाणे त्यांनाही बसली.

हिंदी चित्रपटातील नायिकेची कल्पनाही याच काळात बदलत होती. मद्रासमधून आलेल्या वैजयंतीमाला यांनी १९५१ च्या ‘बहार’पासून भरतनाट्यम शिकलेली नायिका हिंदी पडद्यावर रूढ केली. त्यांच्या मागोमाग पद्मिनी आणि वहीदा रहमान आल्या. शांताराम यांच्या १९५५ मधील ‘झनक झनक पायल बाजे’साठी संध्या यांनी गोपीकृष्ण यांच्याकडे नृत्याचे कसून शिक्षण घेतले. शास्त्रीय नृत्याला मध्यमवर्गीय घरांत प्रतिष्ठा मिळू लागली होती, त्याचेच हे प्रतिबिंब. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये मद्रासला स्थापन केलेल्या ‘कलाक्षेत्र’सारख्या संस्थांनी त्यासाठी भूमी तयार केली होती. वनमालाबाईंची पिढी या बदलाच्या अलीकडची. त्या पिढीतील नायिकेची कसोटी शब्दोच्चार, मुद्राभिनय आणि भारदस्तपणा यांवर लागे. या तिन्ही गुणांचा उत्कर्ष त्यांच्या अखेरच्या मोठ्या भूमिकेत दिसतो.

‘श्यामची आई’

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. बेचाळीस रात्रींमध्ये सांगितलेल्या आठवणींचे हे पुस्तक १९३५ मध्ये प्रकाशित झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. पटकथा, संवाद आणि दिग्दर्शन अत्रे यांचेच. श्यामच्या भूमिकेसाठी त्यांनी माधव वझे या मुलाची निवड केली. हेच वझे पुढे नाट्यसमीक्षक आणि दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले.

आईच्या भूमिकेसाठी वनमालाबाईंचे नाव पुढे येणे हे वरकरणी आश्चर्याचे होते. रुखसाना आणि वसंतसेना साकारलेल्या, सौंदर्यासाठी ख्यातनाम असलेल्या अभिनेत्रीने दापोली तालुक्यातील पालगडच्या कर्जबाजारी घरातील गृहिणी व्हायचे होते. दागिने नाहीत, भरजरी वस्त्रे नाहीत, दरबारी संवाद नाहीत. नेसूचे साधे लुगडे, चूल, विहीर, तुळस आणि मुले, एवढ्यावर सारी भूमिका उभी करायची होती.

वनमालाबाईंनी ही आई केवळ रडवणारी होऊ दिली नाही, हे या चित्रपटाच्या यशाचे मोठे कारण आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला फोकाने झोडपणारी आई आणि अंघोळीनंतर त्याचे ओले पाय मळू नयेत म्हणून आपला पदर अंथरणारी आई एकच आहे, याची खात्री प्रेक्षकाला पटावी लागते. कडकपणा आणि वत्सलता या दोहोंच्या मुळाशी तिचा एकच आग्रह आहे. मुलाचे मन स्वच्छ आणि निर्भय व्हावे, हा तो आग्रह. वनमालाबाईंनी आवाज न चढवता, स्थिर नजरेने तो व्यक्त केला. पूर्वी राजदरबाराच्या दृश्यांत उपयोगी पडलेला त्यांचा आब इथे दारिद्र्यातही मान न झुकवणाऱ्या स्त्रीच्या स्वाभिमानाचे रूप घेतो. सावकाराच्या माणसासमोर अपमान गिळणारी ही आई खचलेली दिसते, पण लाचार दिसत नाही.

भारत सरकारने १९५४ मध्ये चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. त्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्राचा मानकरी ठरला होता, यावरून स्पर्धेचा दर्जा ध्यानात येतो. मराठी चित्रपटाला हा सर्वोच्च सन्मान पुन्हा मिळण्यासाठी ‘श्वास’ची, म्हणजे २००४ सालापर्यंतची वाट पाहावी लागली. अभिनयासाठी वैयक्तिक राष्ट्रीय पुरस्कार देण्याची पद्धत त्या काळी सुरू झालेली नव्हती. त्यामुळे वनमालाबाईंच्या वाट्याला स्वतंत्र पदक आले नाही. तथापि, त्या सुवर्णपदकात त्यांच्या अभिनयाचा वाटा किती मोठा होता, हे चित्रपट पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

निवृत्ती आणि वृंदावन

‘श्यामची आई’च्या वेळी वनमालाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. नायिका म्हणून त्यांचे वय उलटत असले, तरी चरित्र अभिनेत्री म्हणून पुढील दोन-तीन दशके त्यांना काम मिळाले असते. दुर्गा खोटे आणि लीला चिटणीस यांनी हाच मार्ग पत्करला. वनमालाबाईंनी मात्र पन्नासच्या दशकाच्या मध्यात चित्रपटसृष्टी सोडली आणि त्या ग्वाल्हेरला परतल्या. घराण्याचा विरोध आणि त्यातून आलेला दुरावा यांचे ओझे त्यांनी कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर वाहिले होते. यशाच्या शिखरावरून मागे फिरण्याच्या निर्णयाला त्याची पार्श्वभूमी होती.

परतल्यानंतर त्यांनी कलेकडे पाठ फिरवली नाही. अध्यात्माच्या ओढीने त्या वृंदावनाकडे वळल्या आणि तेथील ‘हरिदास कला संस्थान’च्या माध्यमातून शास्त्रीय संगीत व नृत्याच्या शिक्षणाच्या कार्यात सहभागी झाल्या. संस्थेला ज्यांचे नाव आहे ते स्वामी हरिदास हे वृंदावनातील संतगायक. परंपरेनुसार तानसेन हे त्यांचे शिष्य मानले जातात आणि तानसेन यांची समाधी ग्वाल्हेरातच आहे. ग्वाल्हेरात शिकलेल्या स्त्रीने वृंदावनात स्वामी हरिदासांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेसाठी झटावे, यात त्या दोन नगरांमधील जुना सांगीतिक धागा पुन्हा जुळला.

शास्त्रीय नृत्य शिकून पडद्यावर येणे हा पुढच्या पिढ्यांतील अनेक अभिनेत्रींचा क्रम झाला. वनमालाबाईंच्या बाबतीत क्रम वेगळा होता. पडद्यावरचे आयुष्य संपवून त्या नृत्यसंगीताच्या सेवेत आल्या. मंदिराच्या आणि भक्तीच्या सान्निध्यात शिकवले जाणारे नृत्य समाजाला वंद्य वाटत होते आणि चित्रपटातला अभिनय अद्याप तितकासा वंद्य वाटत नव्हता. घराण्याची प्रतिष्ठा आणि कलेची ओढ यांचा मेळ बसेल अशी जागा त्यांना वृंदावनात सापडली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी प्रसिद्धीपासून दूर, साधेपणाने व्यतीत केली.

स्थान आणि स्मरण

मराठी चित्रपटाच्या इतिहासात वनमालाबाईंचे नाव प्रामुख्याने ‘श्यामची आई’शी जोडले गेले आहे. हिंदी चित्रपटाच्या अभ्यासकांना त्या ‘सिकंदर’ची रुखसाना म्हणून ठाऊक आहेत. या दोन ओळखी एकाच व्यक्तीच्या आहेत, याचे भान अनेकदा राहत नाही. त्यांच्या जन्मगावी उज्जैनमध्ये कालिदास आणि विक्रमादित्य यांचे स्मरण पदोपदी होते. रजतपटावर वसंतसेना होऊन गेलेली या नगरीची कन्या त्या मानाने विस्मृतीत गेली आहे.

आज नृत्य वा अभिनय शिकणाऱ्या मुलीला घरून प्रोत्साहन मिळते, शिष्यवृत्ती मिळते, विद्यापीठात पदवीही मिळते. गोव्यात कला अकादमीसारख्या संस्थांतून नाट्य आणि संगीताचे रीतसर शिक्षण घेणाऱ्या मुली सर्व समाजघटकांतून येतात. ही स्थिती कायद्याने किंवा एखाद्या फर्मानाने आली नाही. केसरबाई आणि मोगूबाईंनी एका बाजूने, दुर्गा खोटे आणि वनमाला यांनी दुसऱ्या बाजूने त्या भिंतीला धडका दिल्या, तेव्हा ती खचली. दुर्गाबाईंना त्याचे श्रेय आणि दीर्घ कारकीर्द, दोन्ही लाभले. वनमालाबाईंनी अर्ध्या वाटेवर पडदा सोडला.

‘श्यामची आई’च्या कथेवर २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी नवा चित्रपट काढला. त्यात आईची भूमिका गौरी देशपांडे यांनी केली. त्या निमित्ताने अत्रे यांच्या चित्रपटाची आठवण पुन्हा निघाली. ‘सिकंदर’ आणि ‘श्यामची आई’ हे दोन्ही चित्रपट आजही पाहावयास उपलब्ध आहेत. ते लागोपाठ पाहिल्यास बारा वर्षांच्या अंतराने एकाच अभिनेत्रीने किती दूरचा पल्ला गाठला, याची कल्पना येते.

वनमालाबाईंचे प्रमुख चित्रपट : ‘लपंडाव’ (१९४०), ‘सिकंदर’ (१९४१), ‘पायाची दासी’ व ‘चरणों की दासी’ (१९४१), ‘वसंतसेना’ (१९४२), ‘कादंबरी’ (१९४४), ‘पर्बत पे अपना डेरा’ (१९४४), ‘शरबती आँखें’ (१९४५), ‘श्यामची आई’ (१९५३).